फोन आला आणि बिल गेले
मोबाईल ॲपमध्ये अर्धवट राहिलेले काम जपण्याविषयी : दुकानदार, कारागीर आणि ॲप बनवणाऱ्या तरुणांसाठी

हिशेबाची वही अर्धवट सोडून गिऱ्हाईक पाहायला उठले आणि अर्ध्या तासाने परत येऊन बसले, तर वही जशी होती तशीच असते. लिहिलेल्या ओळी जागच्या जागी, पेन त्याच पानात. वहीने आपल्याला विसरावे असे कधी होत नाही. मोबाईलवरच्या वहीचे मात्र तसे नाही. बिलात अकरा जिनसा टाकून झाल्या, बाराव्या जिनसेला फोन वाजला, बोलणे संपवून परत आलो तर पडदा कोरा. हा अनुभव आज ज्याच्या दुकानात मोबाईलवर बिल होते त्या जवळपास प्रत्येकाला आलेला आहे.

बहुतेक जण याचा दोष फोनला देतात. फोन जुना झाला, फोन भरला, आता नवा घेतला पाहिजे, असे म्हणून दहा-पंधरा हजारांचा खर्च अंगावर घेतात. नव्या फोनवर काही दिवस बरे चालते आणि मग पुन्हा तेच. खरी गोष्ट अशी आहे की बहुतेक वेळा दोष फोनचा नसतो, ॲप बनवणाऱ्याने एक काम करायचे सोडून दिलेले असते. हे काम कोणते, ते का सोडले जाते आणि ॲप विकत घेण्यापूर्वी ते तपासायचे कसे, हे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांना माहीत असलेले बरे.

नुकसान फक्त दोन मिनिटांचे नसते

एखादा शिंपी गिऱ्हाईकाचे माप ॲपमध्ये लिहितो आहे असे समजा. उंची, छाती, कंबर, खांदा, बाही, मनगट. शेवटी कापडाचा फोटो काढायचा म्हणून कॅमेरा उघडतो, फोटो काढतो आणि परत येतो तर मापांचे सगळे रकाने रिकामे. समोर वडीलधारे गिऱ्हाईक उभे. ‘चाचा, पुन्हा एकदा माप घेऊ द्या’ असे म्हणावे लागते. चाचा पहिल्या वेळी हसतील, दुसऱ्या वेळी शेजारच्या दुकानात जातील.

मजुरीवर काम करणाऱ्या यंत्रमागवाल्याचे याहून वाईट होते. सूत किती आले, तागे किती गेले, मजुरी किती बाकी, याची नोंद दिवसभर तुकड्यातुकड्याने होत असते. मधली एक नोंद गेली तर ती गेली हेच त्याला कळत नाही. आपण लिहिले होते, अशी त्याची खात्री असते. महिनाअखेर व्यापाऱ्याशी हिशेब बसत नाही तेव्हा वाद होतो आणि दोघेही आपापल्या जागी प्रामाणिक असतात. उधारीच्या नोंदीचेही असेच. ज्या नोंदीवर दोन माणसांचा विश्वास उभा आहे ती एक फोन आल्याने पुसली जाणे ही किरकोळ बाब समजता येणार नाही.

फोन असे का करतो

यासाठी थोडे मागे जावे लागेल. अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन २००८ साली बाजारात आला. त्याची रॅम, म्हणजे चालू कामापुरती स्मरणशक्ती, १९२ एमबी होती. आजच्या साध्या फोनच्या मानाने ती अगदीच तुटपुंजी. तेवढ्यात फोन घेणे, संदेश पाहणे, नकाशा, कॅमेरा, सगळे चालवायचे होते. तेव्हा ही प्रणाली तयार करणाऱ्यांनी एक तत्त्व ठरवले. माणूस ज्या ॲपकडे पाहतो आहे त्याला जागा मिळालीच पाहिजे. त्यासाठी जागा कमी पडली तर मागे पडलेल्या ॲपपैकी एखादे गुपचूप बंद करायचे आणि त्याची जागा पुढच्याला द्यायची.

कोणाला आधी बंद करायचे याचा क्रमही ठरलेला असतो. समोर दिसणारे ॲप सर्वात शेवटी. पाठीमागे गाणे वाजवणारे किंवा रस्ता दाखवणारे ॲप त्याच्या आधी. आणि नुसते मागे पडून राहिलेले ॲप सर्वात आधी. तुमचे बिलाचे ॲप सोडून तुम्ही कॅमेरा उघडला की ते याच शेवटच्या वर्गात जाऊन बसते. त्यातून कॅमेरा हा मोठा खाणारा पाहुणा. १२ मेगापिक्सेलचा एक फोटो रॅममध्ये पूर्ण उलगडला तर प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट या हिशेबाने जवळपास ४८ एमबी जागा लागते. म्हणून ‘फोटो काढायला गेलो आणि लिहिलेले गेले’ ही तक्रार सर्वात जास्त ऐकू येते. ओटीपी पाहायला संदेशाच्या ॲपमध्ये जाणे, पैसे घेण्यासाठी यूपीआयचे ॲप उघडणे, व्हॉट्सॲपवर आलेली मालाची यादी बघणे, या सगळ्यात हीच गोष्ट घडते.

आता कोणी म्हणेल की आजच्या फोनमध्ये चार, सहा, आठ जीबी रॅम असते, मग अजून असे का? रॅम वाढली तशी ॲपची भूकही वाढली. शिवाय बॅटरी जास्त टिकते हे दाखवण्यासाठी काही कंपन्या आपल्या फोनमध्ये मागे पडलेली ॲप नेहमीपेक्षा लवकर बंद करतात. आणि स्वस्त फोन अजून आहेतच. १ जीबी किंवा त्याहून कमी रॅमच्या फोनसाठी गूगलला २०१७ साली अँड्रॉइडची वेगळी हलकी आवृत्ती काढावी लागली होती, यावरून असे फोन वापरणारे किती असतील याची कल्पना यावी.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. जागेसाठी ॲप बंद केले जाते तेव्हा त्याला आधी निरोप येत नाही. ‘आवरा, आता बंद करतो’ असे कोणी सांगत नाही. म्हणून जे काही जपायचे ते आधीच जपून ठेवावे लागते. अँड्रॉइड त्याची संधी देते, पण ती आधी देते : माणूस पडदा सोडून जातो त्या वेळी. त्या क्षणी अँड्रॉइड ॲपला विचारते, ‘परत आल्यावर लागेल असे काही आहे का? असेल तर या गाठोड्यात बांधून द्या.’ प्रोग्रामरच्या भाषेत या गाठोड्याला बंडल असेच म्हणतात. हे गाठोडे ॲपजवळ न राहता अँड्रॉइडच्या स्वतःच्या ताब्यात राहते, त्यामुळे ॲप बंद पडले तरी ते शाबूत असते. माणूस परत आला की ॲप नव्याने सुरू होते आणि गाठोडे त्याच्या हातात दिले जाते. ते उघडून प्रत्येक रकाना पूर्वीसारखा भरला तर गिऱ्हाईकाला कळतही नाही की मध्ये काही मोडले होते.

आठवडी बाजारात दुकान मांडणाऱ्याला हे सहज समजेल. संध्याकाळी पाल उतरते, माल गाठोड्यात जातो, पुढच्या बाजारी तीच मांडणी त्याच जागी पुन्हा उभी राहते. गाठोडे बांधायलाच विसरलो तर मात्र पुढच्या बाजारी मोकळी जमीन. ॲपचे नेमके हेच होते.

फोन आडवा केला तरी तेच

जागा कमी पडणे हे एक कारण झाले. दुसरे याहून विचित्र आहे. फोन उभ्याचा आडवा केला की अँड्रॉइड चालू पडदा मोडून नवा बांधते. भाषा बदलली, अक्षरांचा आकार मोठा केला, रात्रीसाठी काळा रंग लावला, एकाच वेळी दोन ॲप शेजारी उघडली, तरी तेच. उभ्या पडद्याची मांडणी वेगळी, आडव्याची वेगळी, तेव्हा जुने पाडून नवे बांधणे सोपे, असा यामागचा विचार. पहिल्या अँड्रॉइड फोनला सरकवून बाहेर काढायचा टंकफलक होता आणि तो काढला की पडदा आडवा होई. म्हणजे ही मोडतोड अगदी पहिल्या दिवसापासूनची आहे.

लिहिण्याच्या साध्या रकान्यातला मजकूर अशा वेळी अँड्रॉइड आपण होऊन जपते, पण एका अटीवर. त्या रकान्याला प्रोग्रामरने स्वतःची ओळख, म्हणजे आयडी, दिलेला असला पाहिजे. नसेल तर कोणाचे काय हे अँड्रॉइडला कळत नाही आणि मजकूर जातो. बिलात टाकलेल्या जिनसांची यादी, बेरीज, निवडलेले गिऱ्हाईक हे मात्र आपोआप जपले जात नाही. ते प्रोग्रामरनेच गाठोड्यात घालायचे असते.

पुष्कळ प्रोग्रामर यावर एक पळवाट काढतात. ॲप उभेच राहील, आडवे होणारच नाही, असे कुलूप लावून टाकतात. मोडतोड दिसली नाही की प्रश्न मिटला असे त्यांना वाटते. आमच्या मते ही पळवाट नुकसानीची आहे. आडवे करणे बंद झाले तरी कॅमेऱ्याने जागा मागितली की ॲप जायचे ते जातेच. फक्त चूक तपासणीच्या टेबलावर उघडी न पडता गिऱ्हाईकासमोर उघडी पडते. शिवाय हे कुलूपही आता सगळीकडे चालत नाही. २०२५ साली आलेल्या अँड्रॉइड १६ पासून, त्या आवृत्तीसाठी बनवलेल्या ॲपचे असे कुलूप टॅबलेट आणि उलगडणाऱ्या फोनच्या मोठ्या पडद्यावर मानले जात नाही.

काय कुठे ठेवायचे

आता जे तरुण ॲप बनवतात त्यांच्यासाठी थोडे खोलात. दुकानदारांनीही हा भाग वाचावा, म्हणजे ॲपवाल्याशी बोलताना तो आपल्याला गुंडाळू शकणार नाही.

ॲपमध्ये वस्तू ठेवायला तीन जागा असतात. पहिली जागा ओट्यावरची. गूगलने २०१७ साली व्ह्यूमॉडेल नावाची सोय दिली ती या प्रकारची. पडदा आडवा होऊन पुन्हा बांधला गेला तरी यातील वस्तू राहतात. परंतु ॲपच बंद केले गेले तर ओटाच जातो आणि त्यावरचे सगळे जाते. बऱ्याच तरुणांची फसगत येथेच होते. फोन आडवा-उभा करून पाहतात, सगळे जागेवर दिसते, आणि काम झाले असे समजून ॲप बाजारात सोडतात.

दुसरी जागा गाठोड्याची. ॲप बंद पडले तरी ते राहते. पण ते लहान असले पाहिजे. ॲप आणि अँड्रॉइड यांच्यात देवाणघेवाणीचा जो मार्ग आहे त्यावर एका ॲपला एका वेळी मिळून १ एमबीच जागा असते. गूगलची शिफारस तर अशी की गाठोडे ५० केबीच्या आत असावे. त्यात कोणी फोटो कोंबू लागला किंवा पाचशे जिनसांची पूर्ण यादी भरू लागला तर गाठोडे फुटते. पूर्वी अशा वेळी पुष्कळदा काही न बोलता माल गळून जाई. २०१६ सालच्या अँड्रॉइड ७ पासून ॲप सरळ बंद पडते. म्हणून गाठोड्यात माल न घालता चिठ्ठी घालावी. गिऱ्हाईकाचा पूर्ण खाते-उतारा न घालता फक्त खाते क्रमांक, फोटो न घालता तो कोठे ठेवला आहे त्याचा पत्ता. याशिवाय कोणता रकाना चालू होता, यादी कुठपर्यंत सरकवली होती, एवढे पुरे.

तिसरी जागा पक्क्या वहीची, म्हणजे फोनमधला डेटाबेस. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत एसक्यूलाइट नावाचा लहानसा डेटाबेस असतो. तो २००० साली तयार झाला आणि मोफत आहे. फोन बंद पडला, बॅटरी संपली, ॲप बंद केले गेले, तरी यातले जात नाही. गाठोड्याची तशी हमी नाही. फोन बंद करून चालू केला की गाठोडे गेले. अलीकडच्या ॲपच्या यादीतून बोटाने सरकवून ॲप काढून टाकले की अँड्रॉइड समजते, मालकाला हे आता नको आहे, आणि गाठोडे फेकून देते. आपल्याकडे पुष्कळांना ही सवय आहे. फोन हलका राहावा म्हणून दर थोड्या वेळाने सगळी ॲप सरकवून टाकतात. त्याने फोन फारसा हलका होत नाही, अर्धे काम मात्र हमखास जाते.

तेव्हा नियम साधा आहे. पडदा कुठे होता ते गाठोड्यात, आणि ज्याला पैशाची किंमत आहे ते वहीत. बिलातली एक ओळ लिहून झाली की ती ओळ लगेच कच्च्या नोंदीत गेली पाहिजे. शेवटी ‘सेव्ह’ दाबेपर्यंत थांबणे हा जुन्या कॉम्प्युटरच्या काळातला रिवाज झाला, तो मोबाईलला लागू नाही. अशा नोंदीला डोळ्याची पापणी लवायलाही जास्त वेळ लागेल.

यात एक मेख आहे आणि ती पुष्कळ प्रोग्रामरांना ठाऊक नसते, कारण त्यांनी कधी दुकान चालवलेले नसते. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. त्याच्या नियमांप्रमाणे करबिलाचे क्रमांक आर्थिक वर्षात ओळीने यावे लागतात आणि एक क्रमांक दोनदा येऊन चालत नाही. कच्ची नोंद सुरू करतानाच पक्क्या बिलाचा क्रमांक देऊन टाकला आणि गिऱ्हाईक माल न घेता निघून गेले, तर मध्ये क्रमांक रिकामा राहतो आणि हिशेबनीस विचारत बसतो. म्हणून कच्च्या नोंदीला वेगळा, आतल्या वापराचा क्रमांक द्यावा. बिलाचा क्रमांक बिल पक्के होताना द्यावा. एवढी एक गोष्ट विचारून पाहिली तरी समोरच्या ॲपवाल्याला धंदा कितपत समजतो ते कळते.

हल्ली नवी ॲप ज्या साधनांनी बनतात त्यांतही हा खड्डा आहेच. गूगलच्या कंपोज या पद्धतीत, जी २०२१ साली पक्की झाली, ‘रिमेंबर’ असा एक शब्द आहे आणि ‘रिमेंबरसेव्हेबल’ असा दुसरा. पहिल्याने वस्तू फक्त चालू पडद्यापुरती लक्षात राहते, दुसऱ्याने ती गाठोड्यात जाते. एका शब्दाचा फरक, पण एकाने बिल जाते आणि दुसऱ्याने राहते. फ्लटर या साधनाने कमी खर्चात अँड्रॉइड व आयफोन दोन्हींची ॲप बनवता येतात. त्यात अँड्रॉइडवरील स्थिती परत आणण्याची सोय २०२० साली आली, पण ती आपण होऊन चालू नसते, प्रोग्रामरला जोडावी लागते. आणि फ्लटरचे ॲप आडवे-उभे केल्याने मोडत नाही, त्यामुळे वरवर सगळे ठीक दिसते. कॅमेऱ्याहून परत आल्यावरच कळते.

परत आणू नये असेही काही असते

आतापर्यंत जपण्याविषयी बोललो. परंतु सगळेच जसेच्या तसे परत आणणे हेही चुकीचे. सराफाचे उदाहरण घ्या. सकाळी दहाला दागिन्याचे बिल अर्धे केले, दुपारी तीनला परत उघडले. वजन, घडणावळ, गिऱ्हाईकाचे नाव हे परत आले पाहिजे. सोन्याचा भाव मात्र सकाळचा आला तर घोटाळा. हाताने लिहिलेले जपावे आणि बाहेरून आलेले पुन्हा विचारावे. भाव बदलला असेल तर तसे पडद्यावर स्पष्ट सांगावे. दुकानात दोन फोनवर बिल होत असेल तर शिल्लक मालाचेही असेच. मघाशी सात नग होते म्हणून आताही सातच असतील असे नाही.

सर्वात नाजूक प्रसंग पैसे देण्या-घेण्याचा. यूपीआय २०१६ साली सुरू झाले आणि आज हातगाडीवरही चालते. बिलाच्या ॲपमधून पैसे देण्यासाठी यूपीआय ॲपमध्ये गेलो, पैसे गेले, आणि परत येईपर्यंत बिलाचे ॲप बंद झालेले. ते पुन्हा उभे राहिले. आता त्याने काय दाखवावे? ‘पैसे द्या’ हे बटण पुन्हा दाखवले तर घाईतला माणूस पुन्हा दाबतो आणि दोनदा पैसे जातात. पैसे मिळाले असे समजून टाकले आणि व्यवहार अडकलेला असला तर माल फुकट जातो. योग्य रीत अशी की पैसे पाठवण्यापूर्वीच त्या व्यवहाराला एक क्रमांक द्यावा आणि तो वहीत लिहावा. परत आल्यावर त्या क्रमांकाचे काय झाले ते आधी सर्व्हरला विचारावे. उत्तर येईपर्यंत ‘तपासत आहे’ एवढेच दाखवावे, बटण दाखवू नये. पुन्हा पाठवायची वेळ आलीच तर तोच क्रमांक वापरावा, म्हणजे समोरच्या सर्व्हरला हा दुसरा व्यवहार नसून पहिलाच आहे हे ओळखता येते.

पिन, ओटीपी, कार्डाचा क्रमांक हे कोणत्याही गाठोड्यात नको. ते पुन्हा लिहायला लागले तर लागू द्यावे. अलीकडच्या ॲपच्या यादीत प्रत्येक पडद्याचे लहान चित्र दिसते, त्यात गिऱ्हाईकाची उधारी वाचता येते. फोन नोकराच्या किंवा मुलाच्या हातात जातो. असे चित्र झाकण्याची सोय अँड्रॉइडमध्ये आहे, ती मागून घ्यावी.

घेण्यापूर्वी तपासणी

ॲपला पैसे मोजण्यापूर्वी दुकानात बसूनच परीक्षा घेता येते. एक खोटे बिल अर्धे करा. फोन आडवा करा. मग सेटिंगमध्ये जाऊन अक्षरांचा आकार वाढवा, काळा रंग लावा, परत या. काही गेले का पाहा. मग कॅमेऱ्याने दोन-चार फोटो काढून या.

पक्की परीक्षा हवी असेल तर थोडे अधिक करावे लागते. सेटिंगमध्ये फोनविषयीच्या माहितीत बिल्ड नंबर नावाची ओळ असते. तिच्यावर सात वेळा बोट लावले की डेव्हलपर ऑप्शन्स हा प्रोग्रामरांसाठीचा विभाग उघडतो. त्यात ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ नावाचे बटण आहे. ते चालू केले की तुम्ही सोडलेला प्रत्येक पडदा अँड्रॉइड त्याच क्षणी मोडते. आता अर्धे बिल सोडून फोन लावण्याच्या पडद्यावर जा आणि परत या. जे ॲप येथे टिकले ते दुकानात बऱ्याच अंशी टिकेल. परीक्षा झाली की हे बटण आठवणीने बंद करा, आणि तो विभागही बंद करा, कारण काही बँकांची ॲप तो चालू असताना काम करायला नकार देतात.

शेवटची परीक्षा वहीची. बिल अर्धे असताना ॲप यादीतून सरकवून टाका, फोन बंद करून चालू करा, आणि ॲप उघडा. ‘तुमचे एक बिल अपुरे आहे, पुढे चालू करायचे का?’ असा प्रश्न आला तर प्रोग्रामरने मनापासून काम केले आहे असे समजावे.

जे ॲप आधीच घेतले आहे आणि बदलणे शक्य नाही, त्यांच्यासाठी थोडे उपाय आहेत. बॅटरी वाचवण्याच्या यादीतून बिलाचे ॲप वगळावे. काही फोनमध्ये अलीकडच्या ॲपच्या यादीत एखाद्या ॲपला कुलूप लावता येते, ते लावावे. फोटो आधी काढून ठेवावेत आणि नंतर बिलाला जोडावेत. ओटीपी वरून खाली येणाऱ्या सूचनेतच वाचावा, संदेशाचे ॲप उघडू नये. याने त्रास कमी होतो, संपत नाही.

आयफोन वापरणाऱ्यांसाठी दोन शब्द. तेथे जागेसाठी मागचे ॲप बंद करण्याची रीत आहेच. पडद्याची स्थिती जपून परत आणण्याची सोय २०१२ साली आयओएस ६ मध्ये आली आणि ॲप बोटाने वर सरकवून काढले तर तेथेही ती फेकली जाते. आडवे केल्याने मात्र तेथे पडदा पाडून नवा बांधत नाहीत, त्यामुळे ती एक कटकट कमी.

गंमत म्हणजे हे सगळे नवे नाही. १९९६ साली पाम कंपनीचे पायलट नावाचे हातात मावणारे यंत्र निघाले होते. त्याची स्मरणशक्ती १२८ केबीपासून सुरू होई. त्यात एका वेळी एकच ॲप चाले, दुसरे उघडले की पहिल्याला ‘थांबा’ असा निरोप मिळे, आणि ते आपली स्थिती लिहून ठेवून मगच थांबे. परत आले की माणूस त्याच नोंदीवर असे. एवढ्याशा यंत्रात जे जमत होते ते आठ जीबीच्या फोनवर जमत नाही, याला यंत्र कारण नाही.

आपल्या वस्त्यांतून आज पुष्कळ मुले ॲप बनवायला शिकत आहेत आणि ओळखीच्या दुकानदारांची कामे घेत आहेत. अशा कामाचे पैसे बहुधा तीन हप्त्यांत दिले जातात. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी दुकानदाराने आपला स्वतःचा, रोजच्या वापरातला, भरलेला फोन त्या मुलासमोर ठेवावा आणि वर सांगितलेल्या परीक्षा त्याच्याकडूनच करून घ्याव्यात. मुलाच्या नव्या कोऱ्या फोनवर करू नयेत. आणि कामाच्या कराराच्या कागदावर, आधीच, एक ओळ लिहून घ्यावी : बिल अर्धवट असताना फोन बंद करून चालू केल्यावर भरलेल्या सर्व जिनसा परत दिसल्या पाहिजेत.